ट्रस छातीएवढी असतानाच : प्रकाशयोजनेविषयी वाचकांचे प्रश्न

गणपती, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, नवरात्र आणि पुढे माळेगावची यात्रा. या काळात मराठवाड्यातल्या लाइटवाल्यांना उसंत नसते, म्हणून या वेळचं सदर ट्रसवरच्या, म्हणजे दिवे टांगायच्या नळ्यांच्या सांगाड्यावरच्या, दिव्यांना दिलं आहे. आलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘वर चढवल्यावर’ हे शब्द होते. उत्तरं मात्र बहुतेक चढवण्याआधीची आहेत.

प्रश्न : आमच्याकडं आठ शार्पी हायेत, १२ मीटरच्या ट्रसला लावतो. खाली सगळे सारखेच दिसायलेत, पण वर चढवून कन्सोलवरून सरळ खाली सोडले की एक इकडं, एक तिकडं. एकेकाला जुळवण्यात दोन-दोन तास जायलेत. नेमकं काय चुकायलंय? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आठही शार्पी, म्हणजे अरुंद झोताचे फिरते दिवे, एकदम बिघडत नसतात. चूक टांगण्यात आहे. एका अंशाचा फरक ५ मीटर उंचीवरून जमिनीवर ९ सेंटिमीटरचा होतो आणि २० मीटरवरच्या भिंतीवर ३५ सेंटिमीटरचा. खाली शेजारी-शेजारी ठेवलेल्या दिव्यांत हा एक अंश डोळ्याला कळत नाही.

ट्रस छातीएवढ्या उंचीवर टेकवून ठेवा आणि आधी ट्रसच तपासा. लांबीची पातळी बघायला फूटभर पाणसळ पुरत नाही. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरा. आडवी पातळी मात्र पाणसळीनेच, खालच्या दोन्ही नळ्यांवर ठेवून, दोन्ही टोकांना आणि मध्ये बघायची. पूर्ण ट्रस दोन अंश कलली असेल तर आठही दिवे सारखेच चुकतात आणि ते कन्सोलवर, म्हणजे दिवे चालवायच्या बोर्डावर, भरून काढता येतं. ट्रस पिळलेली असेल तर प्रत्येक दिवा वेगळा चुकतो. तुमच्या पत्रावरून हाही संशय आहे. जोडांच्या पिना पूर्ण ठोकलेल्या नसल्या की पीळ राहतो.

मग ट्रसचा मध्य खडूने आखा आणि तिथून दोन्हीकडे मोजा. १२ मीटरमध्ये आठ दिवे म्हणजे दोन दिव्यांत दीड मीटर, आणि टोकाचा दिवा टोकापासून ७५ सेंटिमीटर आत. असं बसवलं की ट्रसचे तुकडे २ मीटरचे असोत की ३ मीटरचे, क्लॅम्प (दिवा नळीला धरणारी पकड) जोडावर येत नाही.

आता खरी मेख. दिवा टांगताना मान सरळ खाली करून टिल्टचं (मान वर-खाली होण्याचं) लॉक लावा. दोन्ही क्लॅम्प एकाच नळीवर चढवा आणि नट नुसते बोटांनी फिरवा. मग हात काढून घ्या. दिव्याला स्वतःच्या वजनाने लोंबू द्या, डुलणं थांबलं की एकदा हा नट, एकदा तो, असं आळीपाळीने पान्याने आवळा. बहुतेक पोरं एका हाताने दिवा दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने नट आवळतात. तो दाबलेला कोन मग कार्यक्रमभर तसाच राहतो. लॉक काढायला विसरू नका. लॉक लावलेला दिवा चालू केला की रीसेट होताना मोटर कुरकुरते, पट्ट्याचे दात सरकतात आणि पुढचे सगळे कोन खोटे होतात.

सगळ्या दिव्यांच्या डिस्प्लेची बाजू कन्सोलकडे असावी. एक उलटा लागला तरी सरळ खाली सोडल्यावर ते कळत नाही. म्हणून पॅन (आडवं फिरणं) आणि टिल्ट ५० टक्क्यांवर आणून झाल्यावर सगळ्यांना टिल्टने तीसेक अंश पुढे झुकवा. उलटा लागलेला मागे जाईल. कन्सोलवर पॅन-टिल्ट उलटे करून निभावता येतं, पण पुढच्या गावी तो दिवा दुसऱ्या जागी लागला की घोळ होतो. काढून सरळ लावणंच बरं.

सरळ खालची तपासणी ओळंब्याने करा. ओळंबा भिंगाच्या मध्यासमोर धरून जमिनीवर खूण करा आणि उजेडाचा मध्य त्या खुणेवर येतो का ते बघा. छातीएवढ्या उंचीवर अंशाला जेमतेम सेंटिमीटर मिळतो, म्हणून ट्रस तीनेक मीटर उचलून हेच पुन्हा करा. या वेळी डिमर १० टक्क्यांच्या खाली हवा आणि खाली फरशीचा तुकडा हवा. पूर्ण प्रकाशातला बीम इतक्या जवळून सतरंजीवर राहिला तर ती धुमसते.

शेवटी दिव्याचा मोड बघा. पॅन ५४० अंश फिरतो. ८ बिट मोडमध्ये त्याचे फक्त २५५ टप्पे पडतात, म्हणजे एक टप्पा दोन अंशांहून मोठा, आणि टिल्टचा २७० अंशांमुळे एक अंशाचा. अशा मोडमध्ये कितीही झटलात तरी बीम ओळीत येणार नाहीत. प्रत्येक टप्प्याचे आणखी बारीक टप्पे पाडणारा ‘फाइन’ चॅनल असलेला १६ बिट मोड निवडा.

प्रश्न : १२ मीटरच्या ट्रसवर आठ शार्पी, बारा एलईडी पार आणि मंडळवाल्यांच्या आग्रहाखातर मध्यभागी ६० किलोची लोखंडी पाटी लावायची आहे. ट्रस तेवढं घेईल का? (एक मंडपवाले, जालना)

उत्तर : वजन कागदावर मांडा. शार्पी साधारण १८ किलोचा धरला तर आठांचे १४४. पार, म्हणजे न फिरणारे साधे दिवे, ४ किलोप्रमाणे ४८. वीस दिव्यांचे क्लॅम्प आणि सेफ्टी (दिवा सुटलाच तर धरणारी तार) मिळून २० किलो. वायरी अंदाजात कुणी धरत नाही, पण त्याही ३० किलो सहज होतात. झाले २४२ किलो. हे वजन लांबीभर सारखं पसरलं आहे, मीटरला सुमारे २० किलो.

पाटीचा हिशेब वेगळा आहे. दोन टोकांवर टेकलेल्या ट्रसच्या मध्यावर लटकवलेलं वजन तिला पसरलेल्या तेवढ्याच वजनाच्या दुप्पट वाकवू पाहतं. म्हणजे तुमची ६० किलोची पाटी ट्रसच्या दृष्टीने १२० किलोची आहे, आणि एकूण भार ३६२ किलोसारखा. हा आकडा ट्रस बनवणाऱ्याने दिलेल्या तक्त्यात १२ मीटरच्या ओळीत बसतो का ते बघायचं. तक्त्यातल्या आकड्यात ट्रसचं स्वतःचं वजन आधीच वजा केलं आहे की नाही, तेही वाचा. तक्ता नसेल तर पाटी टांगू नका. शेजारच्याची ट्रस दिसायला अशीच आहे म्हणून त्याचा तक्ता तुम्हाला लागू होत नाही. नळीची जाडी २ मिलिमीटर की ३, हे बाहेरून दिसत नाही.

पाटी हवीच असेल तर तिला मागे दोन खांबांवर स्वतंत्र उभी करा. किंवा ट्रस टोकांऐवजी आतून उचला. १२ मीटरच्या ट्रसला दोन्ही टोकांपासून सुमारे अडीच मीटर आत उचललं की मधला बाक खूप कमी होतो, कारण बाहेर लोंबणारी टोकं मधल्या भागाला तोलून धरतात. पण ट्रस वरून टांगलेली असेल तरच हे जमतं. दोन खांबांच्या गोलपोस्टला नाही.

दिवे खालच्या मुख्य नळीवरच, आणि जमेल तितके तिरक्या सळ्या जिथे येऊन मिळतात त्या जागेजवळ लावा. तिरक्या सळीला क्लॅम्प कधीच नाही.

प्रश्न : सेफ्टी म्हणून आम्ही बाइंडिंग तार दोन पदरी गुंडाळतो. चालते ना? क्लॅम्प आमच्याच वर्कशॉपात पट्टी वाकवून केलेत. (एक वाचक, परभणी)

उत्तर : नाही चालत. बाइंडिंग तार कांबी बांधायला केलेली मऊ तार आहे. १८ किलोचा दिवा फूटभर घसरून थांबला तर बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. तार पीळ उलगडून सुटते. नायलॉनची दोरी तर दिव्याच्या उष्णतेनेच मऊ पडते. वजन लिहिलेली स्टीलची तयार सेफ्टी घ्या. ती दिव्याच्या पाठीवरच्या सेफ्टीच्या कडीतून काढून मुख्य नळीभोवती फिरवा, आणि दिवा सुटलाच तर वीतभराहून जास्त पडणार नाही इतकी आखूड ठेवा. क्लॅम्प ज्याला बसतो त्या ब्रॅकेटमधून घालू नका. ब्रॅकेट दिव्याला जोडणारी खिट्टी, म्हणजे कॅमलॉक, निसटला तर सेफ्टीसकट ब्रॅकेट वर राहतं आणि दिवा खाली येतो. कॅमलॉक पाव फेरा फिरून ‘कट्’ वाजला पाहिजे. न वाजलेला कॅमलॉक खालून लागलेलाच दिसतो.

घरच्या क्लॅम्पबद्दल एकच गोष्ट बघा. त्यातल्या बोल्टचं टोक थेट ॲल्युमिनियमच्या नळीत रुततं का? तसं असेल तर ते बाद करा. एका हंगामात नळीवर खड्ड्यांची रांग उठते आणि तिथूनच चीर जाते. अर्ध्या चंद्राच्या आकाराचे, ४८ ते ५१ मिलिमीटर नळीचे क्लॅम्प घ्या. आणि फार जोर लावू नका. पान्याला पाइप अडकवून आवळलेला नट नळी चेपतो.

प्रश्न : सप्ताहातल्या कीर्तनाला महाराजांच्या डोळ्यांवर कायम काळोख येतो. दिवे वाढवले तरी फरक पडत नाही. (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : तो काळोख फेट्याचा आहे. तुमचे समोरचे दिवे फार उभे पडत असणार. दिवे वाढवले की सावली आणखी ठळक होते.

ट्रस मंचाच्या फळ्यांपासून ५ मीटर उंच आणि महाराजांचा चेहरा १.६ मीटरवर धरला तर वरचं अंतर ३.४ मीटर उरतं. ट्रस त्यांच्यापुढे ३.४ मीटरवर असेल तर प्रकाश ४५ अंशात येतो. उघड्या डोक्याला हे ठीक, फेट्याला नाही. ३५ अंश हवे असतील तर ट्रस ४.९ मीटर पुढे न्यावी लागेल. ते जमत नसेल तर ट्रस मीटरभर खाली घ्या, त्याच ३.४ मीटरच्या जागेवरून सुमारे ३५ अंशच मिळतात. दिवे मधोमध नकोत. डाव्या आणि उजव्या टोकाकडून दोन-दोन, एकमेकांना छेदणारे ठेवा, म्हणजे एका बाजूची नाकाची आणि फेट्याची सावली दुसरी बाजू पुसून टाकते.

किती रुंद पडेल याचा अंदाज असा : २५ अंशांचा पार ६ मीटरवर सुमारे २.७ मीटरचा गोल देतो, १५ अंशांचा १.६ मीटरचा. महाराज पुढे-मागे फिरतात, म्हणून २५ अंशांचेच घ्या. मागच्या टाळकऱ्यांसाठी वेगळे दोन रुंद दिवे लागतील. समोरचेच वर करून त्यांना उजळू नका, पडद्यावर टाळकऱ्यांच्या सावल्या नाचायला लागतात.

प्रश्न : आमचं मैदान काळ्या रानाचं. रात्रीतून पाऊस झाला की सकाळी खांब कललेला. वळवाच्या वाऱ्याचीही भीती वाटते. खांबांच्या पायाशी किती वजन ठेवावं? (एक मंडळ, हिंगोली)

उत्तर : ओली काळी माती लोण्यासारखी दबते, आणि सगळीकडे सारखी दबत नाही, हीच अडचण. ६० सेंटिमीटरच्या पायाची एक कड ३ सेंटिमीटर खचली की ६ मीटर उंचीवर खांबाचा माथा ३० सेंटिमीटर सरकतो. पायाखाली मुरूम टाकून चोपा, त्यावर दोन इंची लाकडी फळ्या एकीवर एक आडव्या-उभ्या ठेवा आणि पाया खांबाच्या तिप्पट रुंदीवर पसरवा. भोवती चर काढा, पाणी पायापर्यंत आलंच नाही पाहिजे. स्क्रू जॅकचे पाय असतील तर सकाळी ओळंबा लावून जॅक फिरवा. तणावे ओढून कललेला खांब सरळ करायचा नाही. त्याने खांब वाकतो, पाया तिथेच राहतो.

वाऱ्याचं मात्र जरा सविस्तर बघू, कारण ट्रसला दिवे पाडत नाहीत, मागचं फ्लेक्स पाडतं. ८ बाय ४ मीटरचं फ्लेक्स म्हणजे ३२ चौरस मीटरचं शीड. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात चौरस मीटरला साधारण साडेसात किलो ढकल बसते, म्हणजे एकूण २४० किलो. ती जमिनीपासून ४ मीटर उंचीवर लागते, आणि बाहेरचा पाय खांबापासून १ मीटरवर असेल तर तोल सांभाळायला ९६० किलो लागतात. दीडपट राखीव धरली की १४४०. ट्रसचं आणि दिव्यांचं वजन यातून वजा करा. उरलेलं म्हणजे सुमारे एक टन, दोन खांबांना ५०० लिटरची एकेक पाण्याची टाकी, भरलेली आणि पायाला बांधलेली. रिकामी टाकी शोभेची असते, आणि रात्री कोणीतरी हात-पाय धुवायला नळ सोडून ठेवतो, तेवढं बघा.

वारा दीडपट झाला, ताशी ५४ किलोमीटर, की ढकल सव्वादोनपट होते. तेवढ्या टाक्या कुणी आणत नाही. म्हणून वजनावर विसंबू नका, फ्लेक्स उतरवण्याची वेळ आधीच ठरवा. आमचा सल्ला : हातातल्या वेगमापकावर ताशी ३० दिसले की फ्लेक्स सोडा, ४० ला प्रेक्षक मंचापासून हलवा आणि ट्रस खाली घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग उभे राहिले की आकड्याची वाट बघण्यातही अर्थ नसतो. फ्लेक्स दोरीच्या सरकगाठीने बांधा. केबल टायने शंभर ठिकाणी आवळलेलं फ्लेक्स पाच मिनिटांत उतरत नाही.

प्रश्न : ट्रस वर घेताना खांबावरून सरकणारा ब्लॉक मध्येच अडकतो. दोन्ही बाजूंना एकेक टनाचा चेन ब्लॉक आहे. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : एक बाजू पुढे गेली आहे. ट्रस तिरकी झाली की ब्लॉकची चाकं खांबाला चावतात. अडकलेल्या बाजूला जोर लावू नका. चेन तुटत नाही, पण ब्लॉक एकदम सुटतो आणि सगळी ट्रस हिसका खाते. पुढे गेलेली बाजू खाली घ्या, पातळी जुळवा, मग चला. दोन्ही खांबांवर दर अर्ध्या मीटरला रंगाची पट्टी मारा आणि दोघांनी मोजत ओढा, पट्टी आली की थांबायचं. खांब ओळंब्यात आहेत का आणि पायांच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का, हे उचलण्याआधी मोजा.

उंचीवर गेल्यावर ट्रसला खांबाच्या माथ्यावरून वेगळी स्टीलची वायर किंवा चेन घालून भार तिच्यावर घ्या. चेन ब्लॉक उचलायला आहे, रात्रभर टांगायला नाही. त्याच्या ब्रेकच्या चकत्यांवर तेल जाऊ देऊ नका. चेन फिरावी म्हणून पोरं सढळ हाताने तेल ओततात आणि मग भार हळूहळू उतरतो.

प्रश्न : कार्यक्रम रंगात आला की शेवटचे तीन दिवे थरथरायलेत, कधी आपोआप फिरायलेत. दिवे बदलून पाहिले, तेच. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : दिवे बदलून तेच होत असेल तर सिग्नलची वायर बघा. माइकची वायर डीएमएक्सला, म्हणजे कन्सोलच्या आज्ञा दिव्यांपर्यंत नेणाऱ्या सिग्नलला, जोडली की थोड्या अंतरावर चालते आणि लांब ओळीत दगा देते. ११० ते १२० ओहमची डीएमएक्स वायर घ्या. शेवटच्या दिव्याच्या आउटमध्ये टर्मिनेटर लावा. तो म्हणजे तीन पिनच्या प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांत डाग दिलेला १२० ओहमचा रोध, काही रुपयांचं काम. वाय-जोड करून ओळ दोन ठिकाणी फोडू नका, त्यासाठी स्प्लिटर असतो. एका ओळीवर ३२ हून जास्त दिवे नकोत. पॉवरच्या वायरीसोबत डीएमएक्स एकत्र बांधू नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

प्रत्येक दिव्याचा पत्ताही, म्हणजे त्याच्या पहिल्या चॅनलचा नंबर, तपासा. १६ चॅनलचे आठ दिवे म्हणजे १, १७, ३३, ४९ असं करत १२८ वर संपतात. त्यापुढे पारचा पहिला पत्ता १२९. कुणी १२१ दिला असेल तर शेवटचा शार्पी पारच्या आज्ञा ऐकेल.

प्रश्न : लाइट जाऊन जनरेटर सुरू होतो, पार लगेच लागतात पण शार्पी अंधारात राहतात. खराब झालेत का? (एक वाचक, धाराशिव)

उत्तर : नाही. त्यांचे दिवे डिस्चार्जचे आहेत, गरम असताना पुन्हा पेटत नाहीत. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि त्या वेळात पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. मंचावरचा प्रकाश तोवर एलईडीवर राहील असंच नियोजन ठेवा. कन्सोल छोट्या यूपीएसवर असावा, नाहीतर तोही पुन्हा सुरू होण्यात वेळ घालवतो.

भार फेजमध्ये वाटा. एक शार्पी वीजपुरवठ्यातून साधारण ३५० वॅट घेतो, आठांचे २८०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला १२ अँपिअर. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीला हे झेपतं, पण गुंडाळीवरची वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली तापते. न्यूट्रलचा लग स्वतः आवळून बघा. तो सैल झाला की एका फेजवर व्होल्टेज ४०० कडे जातं आणि तुमचे सगळे पॉवर सप्लाय एकदम जातात. ट्रसला स्वतंत्र अर्थिंग, आणि दिव्यांच्या ओळीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच). तो सारखा पडतो म्हणून मधून काढून टाकणारे बरेच भेटतात. पडतो याचा अर्थ बहुतेक वेळा कुठल्यातरी दिव्याच्या बॉडीत करंट येतोय. एकेक दिवा सोडवत जा, ज्याला सोडल्यावर पडायचा थांबेल तो खाली उतरवा.